सायकलस्वारांना हेल्मेटसक्ती असावी का? आधी दोन प्रश्न वेगळे करूया

सायकलवरून पडलेल्या माणसाचं डोकं हेल्मेटमुळे वाचतं का, हा एक प्रश्न आहे. 'हेल्मेट घाला, नाहीतर दंड भरा' असा कायदा केला तर सायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापती कमी होतात का, हा दुसरा. वाद घालताना दोन्हींची सरमिसळ होते. सक्ती हवी म्हणणारे पहिल्या प्रश्नाचे पुरावे दुसऱ्यासाठी पुढे करतात, तर सक्ती नको म्हणणारे दुसऱ्या प्रश्नातल्या शंका पहिल्यावर लादून हेल्मेटलाच निरुपयोगी ठरवतात.

पहिल्याचं उत्तर बऱ्यापैकी स्वच्छ आहे. दुसऱ्याचं उत्तर मात्र तीन गोष्टींवर ठरतं: कायद्याआधी किती जण हेल्मेट घालत होते, कायद्यामुळे किती जणांनी सायकलच सोडली, आणि त्या ठिकाणी सायकलस्वार मुळात कशामुळे जखमी होतात. म्हणूनच एकाच कायद्याचा निकाल दोन देशांत दोन प्रकारे लागू शकतो.

थर्माकोलचं काम

सायकलच्या हेल्मेटमधला खरा कामाचा भाग म्हणजे आतला थर्माकोलचा जाड थर. बाहेरचं पातळ प्लास्टिकचं कवच त्याचे तुकडे विखुरू देत नाही आणि डांबरावर हेल्मेट अडकण्याऐवजी घसरू देतं. आतल्या मऊ गाद्या मापासाठी आणि आरामासाठी असतात, धक्क्याशी त्यांचा फारसा संबंध नाही.

दीड मीटर उंचीवरून खाली येणारं डोकं जमिनीला लागताना सेकंदाला साधारण ५.४ मीटर, म्हणजे ताशी १९.५ किलोमीटर वेगात असतं. उघडं डोकं दगडावर आदळून दोन मिलिमीटरमध्ये थांबलं असं धरलं, तर त्याला बसणारा सरासरी झटका गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ७५० पट होतो. मधला थर्माकोल २० मिलिमीटर चिरडला गेला, तर तोच झटका ७५ पटींवर येतो. थांबायला दहापट अंतर मिळालं, म्हणून झटका एक दशांश झाला. प्रत्यक्षात झटका सगळा वेळ सारखा नसतो आणि त्याचं टोक सरासरीपेक्षा बरंच वर जातं. त्यामुळे चाचणीत या टोकालाच मर्यादा घातलेली असते. युरोपच्या ई.एन. १०७८ या मानकात हेल्मेट घातलेलं नकली डोकं सपाट लोखंडी ठोकळ्यावर साधारण दीड मीटरवरून सोडतात आणि झटका २५० पटींच्या वर जाता कामा नये. अमेरिकेत १९९९ पासून लागू असलेल्या मानकात उंची दोन मीटर आणि मर्यादा ३०० पट आहे.

थर्माकोल एकदा चिरडला की पुन्हा फुगत नाही. बाहेरून हेल्मेट नवंकोरं दिसेल, पण आतला थर दबला असेल तर पुढच्या धक्क्याला थांबायचं अंतरच उरलेलं नसतं. म्हणून डोकं आपटलेलं हेल्मेट बदलायचं, त्याला तडा दिसो वा न दिसो. थिनर, पेट्रोल आणि काही चिकट स्टिकरमधली रसायनंही या थराला खातात.

आता मर्यादा. हेल्मेटची चाचणी स्वतःहून पडण्याच्या वेगाला होते. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ताशी ५० किलोमीटरने डोकं आदळलं तर ऊर्जा चाचणीच्या साडेसहापट होते आणि अडीच-तीन सेंटिमीटरच्या थराला ती झेपत नाही. गाडीच्या धडकेत डोकं नेहमी गाडीच्याच वेगाने आदळतं असं नाही. बोनेटवर घसरत जाताना किंवा नंतर रस्त्यावर पडताना हेल्मेट कामी येतंच. पण भरधाव ट्रकच्या चाकाखाली आलेल्याला कुठलंही हेल्मेट वाचवत नाही.

आणखी एक भाग बराच काळ दुर्लक्षित राहिला. सायकलवरून पडणारा माणूस सरळ खाली पडत नाही, तिरका पडतो. डोकं जमिनीला लागतं आणि त्याच क्षणी गर्रकन फिरतं. कवटी फिरते, मेंदू त्या फिरण्यात मागे पडून पिळवटतो आणि आतले तंतू ताणले जातात. मेंदूला बसणाऱ्या हादऱ्यात या पिळवटण्याचा वाटा मोठा असतो, आणि वर सांगितलेल्या चाचण्यांत तो मोजलाच जात नाही. स्वीडनमध्ये विकसित झालेल्या 'मिप्स' या पद्धतीत आत एक पातळ घसरता थर असतो. तो धक्क्याच्या वेळी १० ते १५ मिलिमीटर सरकतो आणि डोक्यापर्यंत पोचणारं फिरणं कमी करतो.

पडल्यावर हेल्मेट वाचवतं का?

वाचवतं. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये झालेल्या १९८९ सालच्या एका गाजलेल्या अभ्यासात हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका ८५ टक्क्यांनी कमी होतो असं निघालं, आणि पुढे अनेक वर्षं हाच आकडा फलकांवर झळकत राहिला. तो जास्तच होता. हेल्मेट घालणारी माणसं बाकी बाबतींतही सावध असतात, दारू पिऊन सायकल चालवत नाहीत, वर्दळीपासून दूर चालवतात. या फरकांचं श्रेयही हेल्मेटच्या खात्यात जमा होतं.

पुढच्या अभ्यासांनी आकडा खाली आणला, तरी तो दखल घेण्याजोगा राहिला. ऑस्ट्रेलियातल्या ऑलिव्हिए आणि क्राइटन यांनी २०१६ साली ४० अभ्यास एकत्र केले. त्यांत ६४ हजारांहून जास्त जखमी सायकलस्वार होते. हेल्मेट घातलेल्यांमध्ये डोक्याच्या दुखापतीची शक्यता ५१ टक्क्यांनी आणि गंभीर दुखापतीची ६९ टक्क्यांनी कमी आढळली. नॉर्वेतल्या २०१८ च्या संकलनात हेच आकडे ४८ आणि ६० आले. हेल्मेटमुळे मानेच्या दुखापती वाढतात ही भीती या अभ्यासांत खरी ठरली नाही.

हे आकडे कोणाविषयी आहेत, हे मात्र विसरू नका. आधीच अपघात होऊन जखमी झालेल्या लोकांमधली ही तुलना आहे. अपघात किती होतात, किती लोक सायकल चालवतात, यावर ती काहीच सांगत नाही. कायदा नेमका तिथेच हात घालतो.

व्हिक्टोरियात काय घडलं

सर्व वयाच्या सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं करणारा जगातला पहिला कायदा १ जुलै १९९० ला ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात आला. मार्च १९९० मध्ये तिथे ३१ टक्के सायकलस्वार हेल्मेट घालत होते, मार्च १९९१ मध्ये ७५ टक्के. मृत्यू पावलेल्या किंवा डोक्याला मार लागून दवाखान्यात दाखल झालेल्या सायकलस्वारांचे विम्याचे दावे पहिल्या वर्षी ४८ टक्क्यांनी आणि दुसऱ्या वर्षी ७० टक्क्यांनी घटले.

इथवर वाचलं की प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. पण त्याच राज्यात, मेलबर्नमध्ये, मे १९९० आणि मे १९९१ मध्ये त्याच ठिकाणी सायकली मोजल्या तेव्हा त्या सुमारे ३६ टक्क्यांनी कमी भरल्या. सर्वांत मोठी घट किशोरवयीन मुलांमध्ये होती. शिवाय त्याच सुमारास व्हिक्टोरियात वेग टिपणारे कॅमेरे आले होते आणि मद्यपी चालकांवरची कारवाई कडक झाली होती, त्यामुळे पादचाऱ्यांचे अपघातही घटत होते. म्हणजे दाव्यांच्या घटीत तीन वाटेकरी होते: हेल्मेट, कमी झालेल्या सायकली आणि सुधारलेली वाहतूक. कोणाचा वाटा किती, यावर संशोधक आजही भांडतात. सायकलींची ती मोजणी फार थोड्या दिवसांची होती आणि पुढच्या वर्षी आकडे काही अंशी सावरले, हा आक्षेपही रास्त आहे.

कॅनडातून आणखी एक धडा मिळतो, कारण तिथे काही प्रांतांनी कायदा केला आणि काहींनी नाही. १९९४ ते २००३ या काळात कायदा असलेल्या प्रांतांत मुलांच्या आणि तरुणांच्या डोक्याच्या दुखापतींचं प्रमाण ५४ टक्क्यांनी घटलं. कायदा नसलेल्या प्रांतांतही ते ३३ टक्क्यांनी घटलं. उतार कायद्याच्या आधीच सुरू झाला होता, आणि तो हिशेबात धरल्यावर कायद्याचा वेगळा असा वाटा अभ्यासकांना ठामपणे दाखवता आला नाही.

कागदावरचं गणित

आकडे मानीव घेऊ, म्हणजे यंत्रणा दिसेल. एका शहरात एक लाख सायकलस्वार आहेत. कोणीच हेल्मेट घातलं नसतं तर वर्षाला १०० जणांच्या डोक्याला गंभीर मार लागला असता. हेल्मेट धोका निम्मा करतं असं धरा.

कायद्याआधी ३० टक्के लोक घालत असतील तर दुखापती ८५ होतील. कायद्यानंतर ८० टक्के घालू लागले तर ६०. एकाही माणसाने सायकल सोडली नाही, तर २५ डोकी वाचली. यात वादाला जागाच नाही.

आता समजा ३० टक्के लोकांनी सायकल सोडली. दुखापती ६० वरून ४२ वर येतात. वर्तमानपत्रात बातमी येते, 'कायद्यामुळे दुखापती निम्म्यावर'. पण त्यातला बराच भाग रस्त्यावरून निघून गेलेल्या माणसांचा आहे. ती माणसं सुरक्षित झाली नाहीत, ती सायकलवर नाहीत एवढंच. त्यातली काही चालत गेली, काही बसने, काही मोटारीत बसली. व्यायाम सुटल्याने त्यांच्या हृदयाचं, रक्तदाबाचं, साखरेचं जे व्हायचं ते अपघाताच्या नोंदीत कधीच येत नाही.

याच्याही पुढे एक गोष्ट आहे. सायकली जास्त असल्या की प्रत्येक सायकलस्वाराचा धोका कमी असतो, कारण चालकांच्या नजरेला सायकलींची सवय असते. जेकबसन या संशोधकांनी २००३ साली अनेक शहरांचे आकडे तपासून दाखवलं की सायकलिंग दुप्पट होतं तिथे माणशी धोका सुमारे ३४ टक्क्यांनी कमी असतो. हे उलटही चालतं असं मानलं, तर ३० टक्के सायकली घटल्यावर उरलेल्या प्रत्येकाचा धोका सुमारे २४ टक्क्यांनी वाढतो. आपल्या उदाहरणात लाखामागे ६० चे मग ७४ होतात. कायद्याआधी ८५ होते, म्हणजे फायदा आहे, पण २५ ऐवजी ११ चा.

आता एकच आकडा बदला. कायद्याआधीच ६० टक्के लोक हेल्मेट घालत होते असं धरा. मग सुरुवात ८५ ने न होता ७० ने होते, आणि कायद्यानंतर, तेवढीच घट धरली, तर ७४. हेल्मेट तेच, कायदा तोच, दंड तोच, पण उरलेल्या सायकलस्वाराचा धोका वाढला. गर्दीचा हा परिणाम कार्यकारणाचा आहे की नुसता सोबत दिसणारा, यावर मतभेद आहेत, म्हणून ७४ हा आकडा कोरून ठेवू नका. पण सायकल सोडणाऱ्यांची संख्या न मोजता कायद्याचं यश जाहीर करणं चूक आहे, हे त्यातून नक्की कळतं.

लोक सायकल का सोडतात?

दंडाच्या भीतीपेक्षा अडचण जास्त नडते. जवळच्या कामासाठी अचानक निघालेला माणूस, बसमधून उतरून भाड्याची सायकल उचलणारा प्रवासी, केसांची वेणी किंवा पगडी सांभाळणारी व्यक्ती, हेल्मेट नको म्हणणारा चौदा वर्षांचा मुलगा: या सगळ्यांना सायकल न घेणं हाच सोपा मार्ग वाटतो. भाड्याच्या सायकलींना याचा सर्वांत मोठा फटका बसतो. मेलबर्नची अशी योजना २०१० साली सुरू झाली. स्वस्त हेल्मेट विकून बघितली, सायकलींवर ठेवून बघितली, पण वापर कमीच राहिला आणि २०१९ मध्ये योजना बंद झाली. मेक्सिको सिटीने मात्र २०१० साली आपली योजना आणताना सक्तीच काढून टाकली, आणि इस्रायलने २०११ मध्ये शहरातल्या प्रौढांना सूट दिली.

हेल्मेट घातलेल्याच्या जवळून चालक गाडी नेतात, असाही दावा ऐकू येतो. तो २००७ च्या ब्रिटनमधल्या एका अभ्यासावर उभा आहे. त्यात सरासरी फरक सुमारे साडेआठ सेंटिमीटर होता, आणि तेच आकडे पुन्हा तपासणाऱ्यांनी त्याच्या महत्त्वावर शंका घेतली. हेल्मेट घातल्यावर माणूस बेफिकीर होतो हा दावा तर त्याहून कमकुवत आहे. या दोन मुद्द्यांवर सक्तीला विरोध करू नये.

नेदरलँड्सचं उदाहरण दोन्ही बाजू आपापल्या सोयीने देतात. तिथे रोजच्या सायकलस्वारांत हेल्मेट दुर्मिळ, तरी किलोमीटरमागे धोका कमी, कारण वेगळे सायकलमार्ग आणि संथ रहदारीचे रस्ते. हे खरं आहे. पण २०२२ मध्ये तिथे २९१ सायकलस्वार मरण पावले आणि त्यांत वयस्कर लोक मोठ्या संख्येने होते. विजेच्या सायकलींनी म्हातारपणीही लांब जाता येऊ लागलं, आणि सत्तरीतल्या माणसाला कोणाच्या धडकेविना नुसतं पडणंही जिवावर बेततं. असं पडणं म्हणजे हेल्मेटची चाचणी ज्यासाठी होते नेमका तोच प्रसंग. म्हणून तिथल्या सरकारनेही आता ऐच्छिक हेल्मेटचा प्रचार सुरू केला आहे. ताशी ४५ किलोमीटरपर्यंत जाणाऱ्या विजेच्या सायकलींना तिथे २०१७ पासून सक्तीच आहे.

सक्तीच्या पायऱ्या

सक्ती म्हणजे सगळ्यांना सरसकट किंवा कोणालाच नाही, असं नसतं. स्वीडनमध्ये २००५ पासून १५ वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं आहे. फ्रान्समध्ये २०१७ पासून १२ वर्षांखालच्यांना आहे, आणि दंड मुलाला नाही, सोबतच्या मोठ्या माणसाला. स्पेनमध्ये १६ वर्षांखालच्यांना सगळीकडे, तर मोठ्यांना फक्त शहराबाहेर. जपानने एप्रिल २०२३ पासून सर्वांना 'हेल्मेट घालण्याचा प्रयत्न करावा' असं कर्तव्य सांगितलं, पण दंड ठेवला नाही. व्यावसायिक शर्यतींत किविलेव या सायकलपटूच्या शर्यतीत पडून झालेल्या मृत्यूनंतर २००३ पासून सक्ती आहे, आणि तिथे ती निर्विवाद योग्य आहे.

आमचं मत असं: लहान मुलांना, शर्यतींत आणि वेगवान विजेच्या सायकलींना सक्ती असावी. प्रौढांना साध्या सायकलवर दंडाची सक्ती नसावी, जपानसारखं कर्तव्य चालेल. प्रौढांच्या दंडाला विरोध करण्याचं एक कारण वर आलं. दुसरं म्हणजे दंड कोणावर पडतो. सिएटल ज्या किंग काउंटीत आहे तिथे प्रौढांची सक्ती २०२२ मध्ये रद्द झाली, कारण पावत्या बेघर आणि कृष्णवर्णीय सायकलस्वारांच्या वाट्याला प्रमाणाबाहेर येत होत्या. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात २०१६ साली हा दंड ७१ वरून ३१९ डॉलरवर नेला गेला. ज्याच्याकडे सायकलशिवाय दुसरं वाहनच नाही, त्याला ही रक्कम मोडून टाकते.

तिसरं कारण कमी बोललं जातं. पोलिसाला हेल्मेट डोक्यावर आहे एवढंच दिसतं, ते नीट बसलंय का हे दिसत नाही. आणि नीट न बसलेलं हेल्मेट बरंचसं फुकट जातं. डोक्याचा घेर भुवयांच्या वर दोन सेंटिमीटरवर टेपने मोजा आणि त्या मापाचं घ्या. हेल्मेट कपाळावर आडवं बसायला हवं, भुवई आणि कडेमध्ये फार तर दोन बोटं. मागे कललं की कपाळ उघडं पडतं, आणि पुढच्या बाजूला पडणाऱ्याचं तेच आधी आपटतं. मागची फिरकी आवळून, पट्टा न लावता मान हलवा, हेल्मेट घसरता कामा नये. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या कानाच्या पाळीखाली इंग्रजी 'व्ही'सारख्या जुळाव्यात. हनुवटीखाली एक बोट जाईल एवढीच ढील ठेवा. पट्टा सैल असेल तर पहिला धक्का गाडीचा बसतो, हेल्मेट उडतं आणि दुसरा धक्का, रस्त्याचा, उघड्या डोक्याला बसतो. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र हेल्मेट घालून सायकलवर बसवू नये, त्याची मान ते वजन पेलत नाही.

मुलांसाठी कायदा करताना हेही सांगावं लागतं की सायकलवरून उतरल्यावर हेल्मेट काढायचं. हेल्मेट घालून घसरगुंडीवर किंवा शिडीवर चढलेल्या मुलाचं शरीर फटीतून खाली जातं, हेल्मेट वर अडकतं आणि पट्ट्याने गळा आवळला जातो. असे मृत्यू झाले आहेत. म्हणून युरोपात लहान मुलांच्या हेल्मेटसाठी ई.एन. १०८० हे वेगळं मानक आहे, ज्यात ठरावीक ओढीला पट्टा आपोआप सुटतो.

कायदा करायचाच असेल तर मोजणी आधी सुरू करावी लागते, किमान दोन वर्षं. ठिकाणं तीच, महिना तोच, वेळ तीच. वय आणि स्त्री-पुरुष वेगळे नोंदवायचे, कारण गळती सगळ्यांत सारखी होत नाही. दवाखान्यातून डोक्याच्या दुखापतींच्या बरोबरीने हाताच्या दुखापतीही मागवायच्या. हेल्मेट हाताला वाचवत नाही. त्यामुळे दोन्ही सारख्याच घटल्या तर लोक सायकल सोडून गेले किंवा रस्ते सुधारले, आणि फक्त डोक्याच्या घटल्या तर ते काम हेल्मेटचं. न्यू साउथ वेल्सचे जुने आकडे २०११ साली याच पद्धतीने तपासले गेले, तेव्हा कायद्याच्या वेळी डोक्याच्या दुखापतींतली सुमारे २९ टक्के घट हेल्मेटच्या नावे निघाली. रस्त्यावरून किती सायकली नाहीशा झाल्या, हे मात्र या पद्धतीतून कळत नाही. ते चौकात उभं राहून मोजावंच लागतं.